प्रशिक्षकाची निवड : पीठ गिरणीचा धडा

म्हैसूर येथे १९५० मध्ये केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था स्थापन झाली. तिच्या आंतरराष्ट्रीय दळण तंत्रज्ञान प्रशाळेत पीठ गिरण्यांसाठी मनुष्यबळ घडविले जाते. दळणापूर्वी गव्हाला ठरावीक पाणी देऊन तो काही तास मुरवितात. त्यामुळे कोंडा चिवट होतो व आतील गर मऊ पडतो. पाणी कमी पडल्यास कोंड्याचा चुरा पिठात मिसळतो. अधिक झाल्यास चाळण्या तुंबतात. हे तारतम्य केवळ फळ्यावर शिकविता येत नाही. म्हणून प्रशिक्षक निवडताना आस्थापनांनी पदवीबरोबरच यंत्रावरील अनुभव आणि कामगारांच्या भाषेत समजावण्याची हातोटी पाहावी. प्रशिक्षणानंतर पिठाचा उतारा सुधारला का, हेही तपासणे आवश्यक आहे.