इंजिन घरपोच येईल, पण जोखीम कोणाची?

बुलडाणा - जुन्या मोटारीचे इंजिन निकामी झाले, की मुंबईतील कुर्ला किंवा दिल्लीतील मायापुरीच्या बाजारातून दुसरे मागविण्याचा पर्याय पुढे येतो. गिअरबॉक्ससह ते शंभर किलोंच्या आसपास भरते. कुरिअरचे हे काम नव्हे. माल ट्रान्स्पोर्टकडेच सोपवावा लागतो.

बुलडाणा शहराला रेल्वे नाही आणि राष्ट्रीय महामार्ग ५३ जातो तो मलकापूर, नांदुरा, खामगाव मार्गे. मोठ्या मालमोटारीतील माल तेथील गोदामात उतरला, तर राजूर घाट चढून येणाऱ्या टेम्पोचे भाडे वेगळे पडते. म्हणून बिल्टीवर 'गोडाऊन डिलिव्हरी' लिहिले आहे की 'डोअर डिलिव्हरी', हे आधीच पाहावे. घरपोच म्हणजे दारापर्यंत. गाडीतून उतरविण्याची हमाली त्यात धरलेली असतेच असे नाही. इंजिन उतरविण्यास चेन-पुली लागते. त्यामुळे घराऐवजी गॅरेजचा पत्ता देणे केव्हाही सोयीचे.

खरा प्रश्न आहे तो नुकसानीचा. रस्ते मालवाहतुकीचा कायदा २००७ चा, तर त्याखालील नियम २०११ चे. माल गहाळ झाला वा मोडला, तर वाहतूकदाराची जबाबदारी सर्वसाधारणपणे भाड्याच्या दहापटीपुरतीच मर्यादित राहते. समजा, इंजिन ६० हजारांचे आणि भाडे १,५०० रुपये आहे. मग भरपाई १५ हजारांच्या पुढे जात नाही. नोंदणीच्या वेळी मालाची किंमत जाहीर करून वाढीव जोखमीचा दर भरला, तरच ही मर्यादा ओलांडता येते. हे खिडकीवर कोणी आपणहून सांगेल, अशी अपेक्षा न धरलेली बरी. स्वतंत्र विमा हा दुसरा मार्ग.

इंजिनातील तेल काढून ते लाकडी चौकटीत बांधून पाठविण्यास विक्रेत्याला सांगावे. बॉनेट, बंपर वजनाला हलके. परंतु जागा अडवितात म्हणून त्यांचे भाडे आकारमानावर लागू शकते. माल ताब्यात घेताना चौकट उघडून पाहावी. तडा वा मोडतोड दिसल्यास पोचपावतीवर तसा शेरा लिहूनच सही करावी. दावा करावयाचा असल्यास लेखी नोटीस नोंदणीच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते.

विक्रेत्याच्या बिलावर इंजिन क्रमांक असल्याची खात्री करून घ्यावी. इंजिन बदलल्यावर तो क्रमांक परिवहन कार्यालयात वाहनाच्या नोंदणीवर चढवून घ्यावा लागतो.