गोड्या पाण्यातील मासळी : वेळ ओळखा, नुकसान टाळा

पुणे शहरात मासळीच्या धंद्यावर किती घरांची चूल पेटते याचा आपल्याला सहसा अंदाज नसतो. गणेश पेठेच्या बाजारातील आडते आणि किरकोळ विक्रेते तर आहेतच. शिवाय बर्फ पुरवणारे, टेम्पोवाले, मासे साफ करून देणारे, हातगाडीवर तळलेली मासळी विकणारे आणि लहान हॉटेलवाले यांचा रोजगारही याच मालावर चालतो. यांपैकी बहुतेकांचे लक्ष सकाळच्या भावाकडे असते. पण भाव फुटण्यापूर्वीच बरेच काही ठरून गेलेले असते. मासा केव्हा, कोणत्या पाण्यात आणि कशा हवेत जाळ्यात आला यावर माल किती येणार, किती टिकणार आणि किती फेकून द्यावा लागणार हे अवलंबून असते. म्हणून जाळे टाकणाऱ्याने जशी वेळ ओळखावी तशीच ती माल घेणाऱ्यानेही ओळखावी.

पुण्याला मासा कोठून येतो?

गणेश पेठेतील आवक साधारणपणे चार प्रकारची असते: खोल समुद्रातील, खाडीची, नदीची आणि आंध्र प्रदेशातून येणारी रोहू, कटला यांसारखी मासळी. आंध्रचा माल तलावात पाळलेला असतो व तो मागणी पाहून काढला जातो. आपल्या भागातील नदी-धरणांच्या मासळीचे तसे नाही. ती हवा-पाण्याच्या लहरीवर चालते.

या मासळीचे सर्वांत मोठे ठिकाण म्हणजे भीमा नदीवरील उजनी धरण. हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या फुगवट्याचे पाणी इंदापूर तालुक्यातील भिगवणपर्यंत पसरते. पुणे-सोलापूर रस्त्यावर सुमारे १०० किलोमीटरवर असलेल्या भिगवणला मासळीचा मोठा बाजार भरतो. तेथे कटला, रोहू, मृगळ, मरळ, शिंगटा, वाम असे अनेक मासे येतात, पण भर असतो तो चिलापीवर. चिलापी हा मूळचा आफ्रिकेतील मासा. भारतात तो १९५२ मध्ये आणला गेला. तो वर्षातून अनेक वेळा अंडी घालतो, त्यामुळे त्याची आवक बाराही महिने राहते.

उजनीची एक गोष्ट व्यापाऱ्याने पक्की लक्षात ठेवावी. या धरणाची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी आहे आणि त्यातील निम्म्याहून अधिक मृतसाठा आहे. वर्तमानपत्रात ‘उजनी शून्य टक्क्यांवर’ अशी बातमी येते तेव्हाही धरणात ६० टीएमसीहून अधिक पाणी असते. मासा संपलेला नसतो, उलट कमी जागेत गोळा झालेला असतो. ही बातमी वाचून घाबरून चढ्या भावाने सौदा करणारा फसतो.

पाण्यातील हवा आणि उष्णता

माशाला आपल्यासारखाच प्राणवायू लागतो. तो पाण्यात विरघळलेला असतो आणि मासा कल्ल्यांनी तो घेतो. थंड पाण्यात प्राणवायू जास्त मावतो, गरम पाण्यात कमी. २० अंश सेल्सिअसच्या स्वच्छ पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशाला सुमारे साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. कटला-रोहूसारख्या माशांना ५ मिलिग्रॅमच्या वर असला की बरे वाटते. तो २-३ मिलिग्रॅमच्या खाली गेला की मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात.

आता दिवसाचा हिशोब पाहू. पाण्यातील शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू तयार करते आणि रात्री तोच वापरून टाकते. म्हणून प्राणवायू दुपारनंतर सर्वांत जास्त असतो व पहाट होण्याच्या सुमारास सर्वांत कमी. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत व तेथून उजनीत जाते. त्या पाण्याच्या खतावर शेवाळ माजते. जेथे शेवाळ जास्त तेथे पहाटेची ही तूटही मोठी असते.

दुसरी गोष्ट उष्णतेची. आपले पाळीव मासे साधारण २५ ते ३२ अंशांच्या पाण्यात चांगले खातात आणि फिरतात. पाणी २० अंशांच्या खाली गेले की ते सुस्त होतात. फिरणारा मासा जाळ्यात अडकतो आणि भुकेला मासा गळाला लागतो. वेळ ओळखणे म्हणजे मासा कधी फिरतो आणि कधी खातो हे ओळखणे.

दिवसाची कोणती वेळ?

उन्हाळ्यात सूर्य उगवल्यानंतरचे दोन-तीन तास आणि सायंकाळी ऊन उतरल्यावरचे दोन तास चांगले. भर दुपारी वरचे पाणी तापते आणि मासा खोलात किंवा सावलीत जातो. हिवाळ्यात याच्या उलट होते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे गळ टाकून कुडकुडत बसण्यापेक्षा सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत, ऊन लागलेल्या उथळ कडेला बसणे फायद्याचे.

कोणता मासा कोणत्या थरात असतो हेही ठाऊक हवे. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. मरळ वरची हवाही घेऊ शकते, म्हणून ती गवत-पाणवनस्पतीच्या दाटीत सापडते. जाळे कोणत्या खोलीवर लावायचे ते यावरून ठरते.

धरणात बहुतेक जाळी सायंकाळी लावून पहाटे उचलतात. येथे मालाच्या दर्जाचा प्रश्न येतो. मासा जाळ्यात अडकून मरतो व उचलेपर्यंत पाण्यातच राहतो. डिसेंबरच्या थंड पाण्यात तो बराच टिकतो. मेच्या ऊबदार पाण्यात मात्र रात्री नऊला अडकलेला मासा पहाटे पाचपर्यंत नरम पडू लागतो. म्हणून उन्हाळ्यात मध्यरात्री एकदा जाळे पाहणारा मच्छीमार आणि फक्त पहाटे उचलणारा मच्छीमार यांच्या मालात फरक असतो. घेणाऱ्याने हा प्रश्न विचारून घ्यावा आणि चांगल्या मालाला दोन पैसे जास्त द्यावेत. ते वाया जात नाहीत.

वर्षाचा हिशोब

फेब्रुवारी ते मे : पाणी आटत जाते, मासा एकवटतो, आवक वाढते. माल स्वस्त मिळतो, पण बर्फाचा खर्च जास्त येतो.

जून ते ऑगस्ट : नवे पाणी येते, गढूळपणा वाढतो, मासा पसरतो. याच काळात समुद्रातील यांत्रिक नौकांना पावसाळी बंदी असते, त्यामुळे जून-जुलैत गोड्या पाण्याच्या मासळीला मागणी वाढते. आषाढ अमावस्येला, म्हणजे गटारीला, ही मागणी शिगेला पोहोचते आणि श्रावण लागताच एकदम खाली येते. त्या दिवशी शिल्लक राहिलेला माल पुढे पडून राहतो. आपले गिऱ्हाईक कोणता महिना पाळते हे ज्याला ठाऊक नाही त्याने मोठा सौदा करू नये.

सप्टेंबर ते नोव्हेंबर : पाणी निवळते. पावसाळ्यात भरपूर खाल्लेला मासा अंगाने भरलेला असतो. चवीच्या आणि वजनाच्या दृष्टीने हा काळ चांगला.

डिसेंबर-जानेवारी : मासा खोलात, आवक बेताची, पण माल टिकाऊ. दूरच्या गिऱ्हाइकाला माल पाठवायचा तर हे दिवस सोयीचे.

चंद्र, वारा आणि ढग

चांदण्या रात्री माशाला जाळ्याचे धागे दिसतात व तो वळून जातो. म्हणून लावून ठेवायच्या जाळ्यांना अंधाऱ्या रात्री चांगल्या. आपल्याकडे महिन्याच्या तारखा चंद्रावरच चालतात, त्यामुळे हा हिशोब वेगळा शिकावा लागत नाही. १३, १४, १५ या तारखांच्या रात्री उजेडाच्या असतात. २७ तारखेपासून पुढचा चांद दिसून दोन-तीन दिवस होईपर्यंतच्या रात्री अंधाराच्या. पाणी गढूळ असेल तर मात्र चंद्राचा फारसा फरक पडत नाही.

वारा पाण्यावरचे बारीक खाद्य ढकलत समोरच्या काठाला नेतो. त्यामागे लहान मासे जातात आणि लहानांमागे मोठे. पश्चिमेचा वारा काही तास सतत वाहत असेल तर पूर्वेचा काठ पाहावा. पाणकावळे एकाच जागी पुन्हा पुन्हा बुड्या मारत असतील तर तेथे लहान माशांचा थवा आहे असे समजावे.

दोन-तीन दिवस दाट ढग आणि वारा बंद, ही हवा तलाव व शेततळ्यांना धोक्याची. ऊन नसल्याने शेवाळ प्राणवायू कमी तयार करते आणि पहाटे मासे वर येतात. उन्हाळ्याच्या शेवटी एकदम आलेला जोराचा पाऊसही असाच घातक ठरतो. वरचे पाणी थंड होऊन खाली जाते आणि तळाचे कुजके, प्राणवायू नसलेले पाणी वर येते. अशा वेळी तळ्याचा मालक घाईने माल काढतो व भाव पडतो. जिवंत काढलेला माल घेण्यास हरकत नाही. मरून तरंगलेला मासा मात्र कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. तो कशाने मेला हे आपल्याला ठाऊक नसते आणि खाणारा आपल्या विश्वासावर खातो.

चढणीचा मासा सोडावा

मृगाच्या पहिल्या पावसानंतर मासे प्रवाहाविरुद्ध ओढ्या-नाल्यांत चढतात. यांना चढणीचे मासे म्हणतात. ते सहज हाती लागतात, म्हणून त्या दिवसांत बादल्या भरभरून आणल्या जातात. पण ही माशांच्या विणीची वेळ आहे. कटला, रोहू व मृगळ पावसाळ्यात वाहत्या पाण्यात अंडी घालतात, साचलेल्या तळ्यात आपण होऊन घालत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. अलीकुन्ही यांनी संप्रेरकाची टोचणी देऊन या माशांची बंदिस्त पाण्यात वीण घडवून आणली. तेव्हापासून मत्स्यबीज तयार करता येऊ लागले, आणि म्हणूनच १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन मानला जातो. तरीही नदीच्या माशाला नदीतच विणावे लागते. रोहूच्या एका किलो वजनाच्या मादीत लाखाहून अधिक अंडी असतात. ती मादी विकून मिळतात किलोभर माशाचे पैसे.

बारीक आसाच्या जाळ्याचेही तसेच आहे. चांगल्या पाण्यात रोहूची बोटुकली वर्षभरात किलोच्या आसपास पोहोचते. ती शंभर ग्रॅमची असताना विकणे म्हणजे स्वतःचे भांडवल मोडून खाणे. १८३९ मध्ये कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याच्या पूर्वेकडील मुळा-मुठेतील महासीर माशाची ‘खुद्री’ नावाने नोंद केली. त्याच जातीचे बीज १९७० च्या दशकापासून लोणावळ्याजवळ वळवणच्या टाटांच्या केंद्रात तयार करावे लागले. नदीतला मासा एकदा कमी झाला की तो परत आणायला असा खर्च लागतो.

स्फोटके किंवा विष वापरून मासे मारणे १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे आणि महाराष्ट्राचा स्वतंत्र मत्स्यव्यवसाय कायदा १९६० चा आहे. अशा मार्गाने आलेला माल घेणाऱ्यानेही त्यापासून दूर राहावे. धरण-तलावांतील मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. हौसेने गळ टाकणाऱ्यानेही आधी परवानगी विचारावी.

जिवाची जोखीम

माशासाठी चांगली वेळ माणसासाठी चांगली असेलच असे नाही. एप्रिल-मेमध्ये सायंकाळी वळवाचे वारे एकाएकी सुटतात. २१ मे २०२४ च्या सायंकाळी उजनीच्या जलाशयात कुगाव ते कळाशी या मार्गावरील प्रवासी बोट अशाच वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. पश्चिमेला किंवा उत्तरेला काळे ढग उठले की जाळे पाण्यात राहू द्यावे, होडी काठाला आणावी.

शहरात मुठेच्या पात्रात उतरणाऱ्यांनी खडकवासल्याच्या विसर्गाची चौकशी केल्याशिवाय पाण्यात पाय घालू नये. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले ते खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्यामुळे. शहरात पाऊस नसतानाही घाटात पडलेल्या पावसाचे पाणी खाली येऊ शकते.

माल घेताना

१) कल्ले उघडून पाहावेत. ते लाल आणि ओले असावेत. तपकिरी किंवा फिकट असतील तर माल जुना समजावा.
२) डोळे फुगीर व चमकदार असावेत. खोल गेलेले, धुरकट डोळे म्हणजे शिळा माल.
३) बोटाने दाबल्यावर मांस पुन्हा वर यावे.
४) उन्हाळ्यात माशाच्या वजनाइतका बर्फ धरूनच खर्चाचा हिशोब करावा.
५) जाळे कधी लावले आणि कधी उचलले हे विचारावे.

शेवटी एक साधी सूचना. दोन-तीनशे पानांची एक वही करावी. तीत रोज तारीख, चांद्र तारीख, हवा, धरणाचा साठा, आवक, भाव आणि किती माल टाकून द्यावा लागला एवढेच लिहावे. वर्षभरानंतर या वहीतून आपल्या धंद्याचे चांगले आणि वाईट दिवस स्वच्छ दिसू लागतील, आणि पुढच्या वर्षी कर्ज काढून माल भरण्याआधी ती उघडून पाहता येईल.