वाटाण्याआधी सिकलसेल

नववीच्या विज्ञानात मेंडेलचा वाटाणा आणि सिकलसेल एकाच प्रकरणात भेटतात. वाटाणा आधी, सिकलसेल नंतर. नवापूर तालुक्यातल्या चिंचपाड्यात हा क्रम उलटा हवा. नंदुरबारच्या भिल्ल, पावरा समाजांत हा आजार बराच आढळतो, आणि डीएनए म्हणजे काय हे त्याच्याइतकं नेमकं दुसरं उदाहरण क्वचितच सांगेल. अकराव्या गुणसूत्रावरच्या जनुकात एकच अक्षर बदलतं, ‘ए’च्या जागी ‘टी’ येतं. त्यामुळे हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतल्या १४६ अमिनो आम्लांपैकी सहावं बदलतं आणि ऑक्सिजन कमी पडला की गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. विळा कसा दिसतो, हे इथल्या मुलांना चित्र काढून दाखवावं लागत नाही.

आक्षेप असा, की यानं वर्गातल्या मुलांवर शिक्का बसेल. भीती खरी आहे, पण शिक्का अर्धवट माहितीतून बसतो. एकच बदललेलं जनुक असलेला वाहक सहसा आजारी नसतो. उलट तीव्र मलेरियापासून त्याला काहीसं संरक्षण मिळतं. आई-बाप दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. प्रत्येक वेळी, नव्यानं. पहिलं मूल आजारी म्हणून पुढची तिन्ही सुटली, असं नाही. मेंडेलचं गणित इथेच सर्वांत जास्त चुकीचं वाचलं जातं. आणि दोष एकट्या आईचा, हा समज तर आई-बापांची जनुकं मांडणाऱ्या चार चौकटींच्या तक्त्यात टिकतच नाही: आजारी मुलाला एक जनुक बापाकडूनही आलेलं असतं.