लाकडाला फवाऱ्याने पॉलिश

मंडळी, फवारणी आपल्याला नवी नाही. आपल्या वाशीम जिल्ह्यात सोयाबीन, तूर, कपाशी पिकते. औषध मारायचा पाठीवरचा पंप पुष्कळ घरी असतो. आता तसाच एक लहान फवारा सुतारकामात आला आहे. त्याला स्प्रेगन म्हणतात. त्याने दाराला, दिवाणाला, देव्हाऱ्याला पॉलिश मारतात.

हे काम पूर्वी हातानेच होई. अजूनही पुष्कळ ठिकाणी होते. लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवायचा, मऊ कापडाची पुरचुंडी करायची, आणि ती लाकडावर फिरवत राहायची. लाख म्हणजे काय? पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर एक बारीक किडा राहतो. त्याने तयार केलेली राळ म्हणजे लाख. हे पॉलिश सुंदर दिसते. पण त्याला वेळ फार लागतो. शिवाय पुरचुंडी सपाट फळीवर सहज फिरते, नक्षीच्या खाचेत जात नाही. कारंज्याच्या जुन्या जैन मंदिरात लाकडावर बारीक कोरीवकाम आहे. तसली नक्षी असली की हात अडतो. फवारा मात्र खाचाखोचांत शिरतो.

म्हणून गावच्या सुताराला वाटते, आपणही यंत्र घ्यावे. विजेवर चालणारी लहान यंत्रे आता मिळतात. घ्यायला हरकत नाही. पण आधी दोन गोष्टी शिकायला हव्यात. श्वास कसा सांभाळावा, ही एक. हात कसा चालवावा, ही दुसरी. पहिली गोष्ट आधी सांगतो, कारण बिघडलेली फळी पुन्हा घासता येते. बिघडलेली छाती घासता येत नाही.

फवारा कुठे कुठे जातो?

या यंत्राची गंमत ऐका. अमेरिकेत ओहायो प्रांतात टोलेडो नावाचे शहर आहे. तिथे ॲलन डेव्हिल्बिस नावाचे घशाचे डॉक्टर होते. रोग्याच्या घशात औषध आतपर्यंत पोचावे म्हणून त्यांनी १८८० नंतरच्या वर्षांत एक लहान फवारा तयार केला. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांचा मुलगा टॉमस याने त्याच रीतीने रंग मारायची स्प्रेगन बनवली.

यात आपल्याला शिकायचे काय? औषधाचे कण बारीक झाले की ते श्वासाबरोबर आत जातात, हे त्या डॉक्टरांना ठाऊक होते. रंगाचे कणही तसेच जातात. कण जितका बारीक, तितके पॉलिश गुळगुळीत. आणि कण जितका बारीक, तितका तो छातीत खोल जातो. फायदा आणि धोका एकाच गोष्टीत आहे.

फवाऱ्याचा धोका आपल्या भागाने पाहिला आहे. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा झाली. त्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पॉलिश म्हणजे कीटकनाशक नव्हे, हे खरे. पण थिनरची वाफ डोके गरगरवते, मळमळ आणते. रोज रोज ती घेतली तर शरीराची हानी होते.

तोंडाला रुमाल किंवा उपरणे बांधले तर भागेल का? नाही भागणार. रुमालाने जाडी धूळ अडते. वाफ आरपार जाते. त्यासाठी रबरी मुखवटा मिळतो. त्याला दोन बाजूंना डब्या असतात. डबीत खास कोळसा असतो, तो वाफ धरून ठेवतो. त्यावर कण अडवणारी गाळणीही हवी. मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे. मुखवटा घालूनही वास येऊ लागला, की डब्या बदलायच्या. डोळ्यांना चष्मा, हातांना मोजे.

आणखी एक. बाजारात पीयू नावाचे पॉलिश मिळते. त्याचे दोन डबे असतात. एकात पॉलिश, दुसऱ्यात ते कडक करणारे द्रव्य. त्या दुसऱ्या डब्यात बहुधा आयसोसायनेट नावाचे रसायन असते. ते छातीत गेले तर कायमचा दमा जडू शकतो. नवशिक्याने हे पॉलिश फवारूच नये. मोठ्या कारखान्यात ते फवारताना कामगाराला नळीतून बाहेरची स्वच्छ हवा देतात. तशी सोय आपल्याकडे नसते.

आगीची गोष्ट

थिनर आणि स्पिरिट लवकर पेटतात. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते. चूल लांब आहे म्हणून निर्धास्त राहू नये. वाफ रांगत तिथवर जाते.

विजेच्या लहान यंत्रात मोटर असते. मोटरीत ठिणगी पडू शकते. म्हणून अशा पुष्कळ यंत्रांच्या पुस्तिकेत लिहिलेले असते की, लवकर पेटणारे द्रव यात घालू नये. हे वाक्य न वाचता पुष्कळजण थिनरचे पॉलिश भरतात. तुम्ही तसे करू नका. पहिल्या शिक्षणाला पाण्यावर आधारलेले पॉलिश घ्या. ते पातळ करायला पाणी चालते, यंत्र धुवायलाही पाणी चालते. वास कमी येतो, पेटण्याची भीतीही फार कमी. पण मुखवटा तरीही घालायचा, बरं का!

जवसाच्या तेलाचे काम करत असाल तर तेही ऐका. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा ढीग करून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचे तेल वाळताना गरम होते. ढिगातली उष्णता बाहेर निघत नाही, आणि काडी न लावता चिंध्या पेटतात. त्या उघड्यावर एकेक पसरून वाळवा, नाहीतर पाण्याच्या डब्यात बुडवा.

हात शिकवायचा कसा?

यंत्र आणले की लगेच दारावर चालवू नका. समजा, लग्नाच्या दिवाणाचे काम आले आहे. सागवान गिऱ्हाइकाचे आहे. त्यावर ओघळ आले तर सगळे घासून काढावे लागते. चार दिवसांची मजुरी जाते, आणि नावही जाते.

पहिला धडा पाण्याचा. भांड्यात नुसते पाणी भरा. भिंतीला जुना पुठ्ठा टेकवा आणि त्यावर फवारा. पाण्याचा पट्टा कसा पडतो ते पाहा. यंत्राच्या तोंडाशी असलेली टोपी फिरवली की पट्टा उभा होतो, आडवा होतो, किंवा गोल होतो. हात आडवा चालवायचा असेल तर पट्टा उभा ठेवावा. हात वर-खाली चालवायचा असेल तर आडवा. खाचेसाठी आणि लहान नक्षीसाठी गोल.

यंत्र लाकडापासून सहा ते आठ इंच दूर धरा, म्हणजे वितीपेक्षा थोडे कमी. हे अंतर शेवटपर्यंत तेवढेच राहिले पाहिजे. नवशिक्या नेमका इथे चुकतो. तो मनगट फिरवतो. मग मधे यंत्र जवळ येते आणि टोकांना दूर जाते. मधे ओघळ, टोकांना कोरडे! म्हणून मनगट ताठ ठेवा. सगळा हात खांद्यापासून सरळ न्या.

हात आधी चालू करा, मग घोडा दाबा. फळीचे टोक ओलांडल्यावरच घोडा सोडा. थांबून दाबले तर एकाच जागी थेंब साचतो. दुसरा पट्टा पहिल्याच्या निम्म्यावर चढवा. पेरणीत दोन तासांमध्ये अंतर सोडतात, इथे मात्र सोडायचे नाही.

पाण्याने हात बसला की जुन्या फळीवर पॉलिश मारून पाहा. तीन-चार फळ्या खर्ची पडल्या तरी चालतील.

खरे काम असे करा

फळी पॉलिश पेपरने घासा. आधी १२० नंबर, मग १८०, मग २२०. घासायचे ते रेषांच्या दिशेने. आडवे घासले तर ओरखडे पॉलिशखाली उठून दिसतात. खिळ्यांची भोके लांबी भरून बुजवा. मग धूळ पुसा.

पॉलिश नायलॉनच्या कपड्यातून गाळून घ्या. ते दाट असेल तर पातळ करा, पण अंदाजाने नको. बऱ्याच यंत्रांबरोबर तळाला भोक असलेला लहान पेला येतो. तो भरायचा आणि धार तुटेपर्यंत किती सेकंद लागतात ते मोजायचे. पुस्तिकेत दिलेल्या सेकंदांशी ते जुळले पाहिजे.

एकच जाड थर देऊ नका. पातळ थर दोन-तीन वेळा द्या. पाण्याच्या पॉलिशने लाकडाचे तंतू उभे राहतात. म्हणून पहिला थर पूर्ण वाळल्यावर ३२० नंबरच्या पेपरने हलके घासा, पुसा, आणि मग दुसरा थर द्या.

काम संपले की आधी वीज बंद करा. मग यंत्र उघडून लगेच धुवा. भोकात तार घालू नये. भोक मोठे होते आणि फवारा बिघडतो. मऊ ब्रश वापरावा.

दोष आणि उपाय

ओघळ आले, तर यंत्र फार जवळ होते, किंवा हात सावकाश चालला, किंवा थर जाड झाला.

फळी खरखरीत लागली, तर यंत्र फार दूर होते, किंवा ऊन फार होते. वैशाखाच्या दुपारी थेंब लाकडावर पडण्याआधीच सुकतो. त्या दिवसांत सकाळी काम करावे.

संत्र्याच्या सालीसारखी खडबड दिसली, तर पॉलिश दाट होते.

बारीक गोल डोळे पडले, तर लाकडावर तेलाचा किंवा मेणाचा हात लागला होता.

पावसाळ्यात थिनरच्या किंवा लाखेच्या पॉलिशवर पांढुरकी छाया येते. हवेतला ओलावा आत अडकतो, त्याचा हा दोष. झडीच्या दिवसांत ते काम थांबवलेले बरे.

डबा वाचा

पाळणा किंवा लहान मुलाची खाट रंगवणार असाल तर रंगात शिसे किती, ते पाहा. मूल लाकूड चाटते, आणि शिशाने मुलाच्या मेंदूची वाढ खुंटते. १ नोव्हेंबर २०१७ पासून कायद्याने घरगुती रंगात शिसे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असता कामा नये. हे डब्यावर लिहावे लागते. जुना किंवा चिठ्ठी नसलेला डबा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

डब्यावर पुष्कळदा इंग्रजी असते. त्यात लाज कसली? शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या, दुकानदाराला विचारा. ज्वालेचे चित्र असेल तर समजा, हे पेटणारे आहे. आकडे तर आता आपल्याला वाचता येतात. किती पाणी घालावे, किती तास वाळू द्यावे, हे सगळे तिथे लिहिलेले असते. पूर्वी कारागीर हे वर्षानुवर्षे उस्तादाजवळ बसून शिके. आता उस्तादाचे पुष्कळसे ज्ञान डब्यावर आणि पुस्तिकेत छापून येते. ते वाचावे, मग घोड्यावर बोट ठेवावे.

आठवून सांगा

१. रुमालाने थिनरची वाफ का अडत नाही?
२. पहिला धडा पाण्याने का करावा?
३. फळीवर ओघळ येण्याची कारणे कोणती?
४. तुमच्या घरात रंगाचा, पॉलिशचा किंवा फवारणीच्या औषधाचा डबा आहे का? त्यावर काय लिहिले आहे ते वाचा आणि घरच्यांना सांगा.