डबलसीटचं मत घेतलंत का?

टूरिंगसाठी बाइक निवडताना आपण सीसी बघतो, मायलेज बघतो, यूट्यूबवर सायलेन्सरचा आवाजसुद्धा ऐकतो. पण मागे बसणाऱ्या व्यक्तीला कोणी विचारतं का? पुणे ते गोवा, आंबोलीमार्गे, साधारण ४५० किलोमीटर. खंबाटकी घाटापर्यंत सगळं रोमँटिक असतं. कोल्हापूर येईपर्यंत मागून 'अजून किती?' सुरू होतं!

तेव्हा मंडळी, टेस्ट राइडला दोघं जा. आणि दहा मिनिटं तुम्ही स्वतः मागे बसा. सीट पुरेशी रुंद आहे? गुडघे फार दुमडतात? धरायला काही आहे?

मग उंची बघा. दोघं आणि बॅगा घेऊन घाटात थांबलात, की गाडी तोलायची तुमच्याच पायांनी. रॉयल एनफिल्डच्या मीटिओर ३५० ची सीट ७६५ मिलिमीटरवर, हिमालयन ४५० ची ८२५ वर. पण मीटिओरची ताकद साधारण २० हॉर्सपॉवर, हिमालयनची ४०. डबलसीट ट्रक ओव्हरटेक करताना हा फरक कळतोच. सुपर मीटिओर ६५० दमदार, पण वजन २४१ किलो! आधी पार्किंगमधून मागे ढकलून बघा.

निघण्यापूर्वी मागच्या शॉकअपचा प्रीलोड वाढवा, मॅन्युअलमध्ये दोघांसाठी दिलीय तेवढी हवा भरा. हेल्मेट दोघांनाही, कायदाही हेच सांगतो.

शेवटी गाडी तीच घ्या, जिच्यावरून उतरल्यावर मागची व्यक्ती विचारेल, 'पुढच्या वीकेंडला कुठे?'