ग्वानिनची घडी आणि पाण्यातील शिसे

डीएनए म्हटले की दुहेरी सर्पिल डोळ्यांसमोर येते. परंतु ज्या धाग्यात ग्वानिनची दाटी असते, तो आपणहून निराळीच घडी घालतो. चार ग्वानिन मिळून एक चौकोनी पाट होतो, पाटावर पाट रचला जातो आणि मध्यभागी पोटॅशियमचा आयन बसून सारे घट्ट धरतो. पिकाला आपण पालाश देतो, त्यातलेच हे पोटॅशियम. चार ग्वानिनांची ही मांडणी १९६२ मध्ये गेलर्ट आणि सहकाऱ्यांनी उलगडली.

रचना आखताना मुख्यतः सलग ग्वानिन किती आणि मधला दुवा केवढा, हेच ठरवावे लागते. रेशीमकिड्याच्या गुणसूत्रांच्या टोकांशी ‘टीटीएजीजी’ हा क्रम पुनःपुन्हा येतो; माणसात तेथे एक ग्वानिन अधिक असतो. तेवढ्याने घडीला एक मजला वाढतो आणि ती अधिक टिकाऊ होते. कीटकशास्त्रज्ञाला हा फरक मोहात पाडणारा आहे!

शेतीच्या दृष्टीने महत्त्वाचे शिसे. त्याचा आयन पोटॅशियमला हटवून जागा घेतो, घडीचा आकार बदलतो आणि हेमिनच्या साहाय्याने होणारी रंगक्रिया मंदावते. फिका रंग म्हणजे शिशाची खूण. मात्र विहिरीच्या पाण्यातील इतर क्षार व गाळ निष्कर्ष बिघडवू शकतात. असा संच कोणी दाखवल्यास तो शुद्ध पाण्यावर पारखला की शेतातल्या पाण्यावर, हे आधी विचारावे आणि त्याच पाण्याचा नमुना प्रयोगशाळेतही द्यावा.