पोटमाळ्याचा हिशोब : आधी फळी, मग कडी

जालना रस्त्याने छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहर सोडून चिकलठाणा मागे टाकले की शेंद्रा औद्योगिक वसाहत लागते. 2001 साली येथे स्कोडा मोटारींची जुळणी सुरू झाली. पुढे दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यातील 'ऑरिक' नगरी याच भागात उभी राहिली आणि सप्टेंबर 2019 मध्ये तिच्या ऑरिक हॉलचे उद्घाटन झाले. कारखाने आले तसे कामगार आले, आणि कामगार आले तशा आसपासच्या गावांतून भाड्याच्या खोल्या आल्या. खोली लहान, वर पत्रा, माणसे पाच-सहा. त्यात ट्रंका, गाद्या-गोधड्या, वर्षाचे धान्य आणि मुलांची दप्तरे. जमीन वाढवता येत नाही. पण भिंत 12 फूट उंच असेल तर डोक्यावर एक अख्खी कोठी रिकामी पडलेली असते. म्हणून पोटमाळा.

माळ्याचे काम लहान समजले जाते, म्हणूनच त्यात पैसा बुडतो. घरमालक मिस्त्रीला विचारतो, "किती लागतील?" मिस्त्री नजरेने खोली मापतो आणि उक्ता आकडा सांगून मोकळा होतो. मग मधेच एक प्लाय कमी पडतो, एक पाइप जास्त आणावा लागतो, टेम्पोची दुसरी फेरी होते, आणि चार दिवसांच्या मजुरीतून दीड दिवसाची मजुरी निघून जाते. आमचे वाचक या व्यवहाराच्या दोन्ही बाजूंना आहेत. काहींना माळा करून घ्यायचा आहे, तर अनेकांचे पोट सुतारकाम आणि फॅब्रिकेशनवर चालते. तेव्हा एका खोलीचा हिशोब आम्ही येथे पूर्ण मांडत आहोत. दर आम्ही देत नाही, कारण दर आठवड्याला बदलतात. मापे बदलत नाहीत.

चौरस फुटाचा चकवा

समजा, खोली 10 फूट 6 इंच रुंद आहे आणि मागच्या भिंतीलगत 6 फूट खोलीचा माळा करायचा आहे. क्षेत्रफळ झाले 63 चौरस फूट. प्लायवूडचा मोठा ताव 8 बाय 4 फुटांचा, म्हणजे 32 चौरस फूट. दोन तावांचे 64. हिशोब जुळला, दोन ताव आणा!

येथेच थांबावे आणि चौकटीच्या वहीत चित्र काढावे. एक चौकट म्हणजे 6 इंच धरा. पहिला ताव अखंड ठेवला तर मागच्या भिंतीजवळ 8 फूट लांब, 4 फूट रुंद जागा भरते. उरलेले अडीच फूट दुसऱ्या तावातून कापले की मागची 4 फुटी रांग पूर्ण होते. आता दुसऱ्या तावाचा साडेपाच फूट बाय 4 फूट तुकडा हातात आहे. तो उभा चिरला की 2 फूट रुंदीच्या दोन पट्ट्या मिळतात. पुढची रांग 2 फुटांचीच आहे आणि लांबी साडेदहा फूट. दोन पट्ट्यांची लांबी 11 फूट. म्हणजे कागदावर सर्व भरले.

पण या दोन पट्ट्यांचा सांधा येतो साडेपाच फुटांवर. कड्या 2-2 फुटांवर टाकल्या असतील तर त्या 4 फुटांवर आणि 6 फुटांवर आहेत. सांधा अधांतरी! त्यावर टाच पडली की फळी दबणार, आणि कोणी धान्याचे पोते ठेवले की तुटणार. क्षेत्रफळाच्या गणिताला हे दिसत नाही.

यावर तीन उपाय आहेत. तिसरा ताव आणणे, हा महाग. सांध्याखाली एक जास्तीची कडी देणे, हा मधला. तिसरा आम्हाला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. दोन्ही पट्ट्या 4-4 फुटांवर कापाव्यात, म्हणजे सांधे कडीवर येतात आणि पुढच्या कोपऱ्यात अडीच फूट बाय 2 फुटांची जागा मोकळी राहते. ती शिडीचे तोंड समजावी. माळ्यावर चढायला वाट लागणारच होती. फळी बसते ती जागा 58 चौरस फूट होते, ताव दोनच लागतात, आणि 4 फूट बाय दीड फुटाचा तुकडा उरतो तो मुलांच्या पुस्तकांच्या फडताळाला होतो.

एक सूचना मात्र ध्यानात ठेवावी. प्लायचा वरचा पापुद्रा लांबीच्या दिशेने तंतू धरून असतो. ही लांबी कड्यांना आडवी बसली पाहिजे, म्हणजे तावात जोर राहतो. वर सांगितलेल्या मांडणीत कड्या भिंतीकडून पुढे येतात आणि ताव त्यांना आडवे आहेत. ताव फिरवून कड्यांच्या दिशेने टाकले तर तोच ताव निम्म्या जोराचा वाटू लागतो.

जाडी 18 मिलिमीटरची घ्यावी. 12 चा ताव स्वस्त म्हणून घेणारे पुष्कळ आहेत. पण जाडी कमी झाली की वाक तिच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. त्यामुळे त्याच दोन कड्यांमध्ये 12 चा ताव 18 च्या ताव्यापेक्षा तीन पटींहून जास्त वाकतो. 18 चा एक ताव साधारण 32 ते 35 किलो भरतो. वाळवीचा त्रास असेल तेथे सिमेंट बोर्ड वापरतात, पण त्याचे वजन जवळपास दुप्पट. ते वर चढवायला दोन माणसे नेहमी हाताशी असावी लागतात आणि कापायला वेगळे पाते लागते. हा खर्च मजुरीत आधीच धरावा.

एका इंचाची किंमत

आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत कडीपाट असे. खाली लाकडी कड्या, वर पाट. आजही रचना तीच आहे. फक्त कडी लोखंडी चौकोनी पाइपची झाली. कडी मोजताना होणारी पहिली चूक साधी आहे. साडेदहा फुटांत 2 फुटांची अंतरे साडेपाचच्या आत बसतात, म्हणजे सहा गाळे. पण कड्या सहा नव्हेत, सात; गाळ्यांपेक्षा कडी नेहमी एकाने जास्त. आपल्या माळ्यात सहा कड्या पूर्ण लांबीच्या आणि सातवी, शिडीच्या तोंडापाशी, आखूड. तिच्या टोकाला एक आडवी पट्टी द्यावी लागते.

आता सामान मोजू. मागे आणि पुढे 100 बाय 50 चा, 3 मिलिमीटर जाडीचा पाइप तुळई म्हणून; प्रत्येकी साडेदहा फूट. प्रत्येक तुळईखाली तीन खांब : दोन टोकांना आणि एक शिडीच्या तोंडाजवळ, 8 फुटांवर. भिंत 9 इंची पक्की असेल तर मागचे खांब वाचू शकतात. पण भाड्याच्या खोलीची भिंत पुष्कळदा 4 इंची असते, आणि अशा भिंतीत खोबणी करून माळ्याचा भार देणे म्हणजे भिंतच पाडण्याची तयारी होय. म्हणून आम्ही सहाही खांब धरले आहेत. कड्या आणि खांब 50 बाय 50 च्या, 3 मिलिमीटरच्या पाइपचे.

खाली 7 फूट मोकळी उंची हवी म्हणून सहा खांब 7 फुटांचे. दोन तुळयांची जाडी वजा जाता कडी 5 फूट 8 इंचांची. दुकानदार पाइपला 'वीस फुटी' म्हणतो, पण तो 6 मीटरचा असतो, म्हणजे 19 फूट 8 इंच आणि वर पाव इंच. एका पाइपमधून 7 फुटांचे दोन खांब आणि 5 फूट 8 इंचांची एक कडी मागितली तर बेरीज 19 फूट 8 इंच. उरला पाव इंच, आणि तो दोन वेळा कापताना पात्यातच जातो. माप काटावर आले. कापणारा हात जरा हलला की कडी आखूड. मग कड्यांसाठी वेगळे पाइप घ्यावे लागतात आणि एकूण पाच लागतात.

खांब 6 फूट 11 इंचांचे केले तर? एका पाइपमध्ये दोन इंचांची सवड मिळते. तीन पाइपमधून सहा खांब आणि तीन कड्या निघतात. चौथ्या पाइपमधून उरलेल्या तीन कड्या, आणि त्याच्याच उरलेल्या अडीच फुटांच्या तुकड्यातून शिडीच्या तोंडाची आडवी पट्टी. आखूड कडी तुळईच्या उरलेल्या तुकड्यातून होते. पाचाऐवजी चार पाइप! 50 चा एक पाइप साधारण साडेसव्वीस किलो भरतो. डोक्यावरचा एक इंच सोडला आणि साडेसव्वीस किलो लोखंड वाचले. सर्व सांगाड्याचे लोखंड मग 50 चे चार पाइप 106 किलो आणि 100 बाय 50 चे दोन पाइप 81 किलो, मिळून 187 किलोच्या आसपास. दुकानदार तुळईचा पाइप कापून देत असेल तर त्यातही बचत आहे. विचारायला लाजू नये.

लाकूडच वापरायचे असेल तर चार-दोनची कडी 18 फूट म्हणजे बरोबर एक घनफूट, हे पाठ असावे. सात कड्या साडेसहा फुटी धरल्या तर अडीच घनफुटांहून किंचित जास्त.

पेटीचे लाकूड

औद्योगिक वसाहतींजवळ आणखी एक माल मिळतो. कारखान्यांत यंत्रे आणि सुटे भाग ज्या खोक्यांतून व पॅलेटवरून येतात त्यांचे पाइनचे लाकूड भंगारात विकले जाते. प्लायपेक्षा स्वस्त, दिसायलाही बरे. मात्र घेताना त्यावरचा शिक्का वाचावा. परदेशातून आलेल्या लाकडी पेटीवर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह आणि त्याशेजारी दोन इंग्रजी अक्षरे असतात. 'एचटी' म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सियसवर सलग 30 मिनिटे तापवलेले. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले. दुसऱ्या प्रकारचे लाकूड घरात, विशेषतः झोपण्याच्या वा धान्याच्या जागी, वापरू नये. तेलाचे किंवा रसायनाचे डाग असलेली फळी फुकट मिळाली तरी परत करावी.

आता मोजमाप. युरोपीय पॅलेट 1200 बाय 800 मिलिमीटरचे असते. वर पाच फळ्या, प्रत्येकी 22 मिलिमीटर जाड. फटी वजा जाता या पाच फळ्यांतून सव्वाआठ चौरस फुटांच्या आतच माल निघतो. आपल्या 58 चौरस फुटांना आठ पॅलेट लागतील, आणि खिळे उपटताना टोके फुटतात म्हणून दहा घ्यावीत. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ही फळी 4 फुटांची नाही. ती 3 फूट सव्वाअकरा इंच आहे. कड्या 2 फुटांवर वेल्डिंग करून बसल्या असतील तर फळीची टोके कडीवर जेमतेम टेकतात आणि स्क्रू मारताच फुटतात. या फळीसाठी कड्या 60 सेंटिमीटरवर हव्यात. म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे हे की कोणती फळी टाकायची ते ठरल्याशिवाय वेल्डिंगचे मशीन सुरू करू नये.

भार आणि चिठ्ठी

राहत्या खोलीच्या जमिनीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला 200 किलोंचा भार धरतात, म्हणजे चौरस फुटाला साडेअठरा किलो. वरची मापे त्या अंदाजाने दिली आहेत. 50 किलोचे पोते आडवे ठेवले की सुमारे 6 चौरस फूट जागा घेते. दोन थर म्हणजे चौरस फुटाला सतरा किलोंच्या आत, चालेल. तिसरा थर दिला की पंचवीस. हे घरातील बायामाणसांना समजावून सांगणे मिस्त्रीचेच काम आहे, कारण पोती तो रचणार नसतो. माळा याहून मोठा असेल किंवा खाली खांब नको असतील तर अभियंत्याला दाखवूनच पाइप ठरवावा.

राष्ट्रीय बांधकाम संहितेत सामानाच्या माळ्याची उंची जास्तीत जास्त दीड मीटर धरली आहे. मराठवाड्याच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या त्या दीड मीटरमध्ये मुलांना झोपवण्याचा विचारही करू नये. तरीही मुले चढणारच, म्हणून पुढच्या कडेला आणि शिडीच्या तोंडाला कठडा हिशोबात धरावा. आमच्या वरच्या 187 किलोंत तो नाही.

माप घेताना भिंत तीन ठिकाणी मोजून सर्वांत लहान आकडा धरावा. खोली गुण्यात आहे की नाही हे कर्णावरून कळते. आपल्या मापाला दोन्ही कर्ण 12 फूट 1 इंच आले पाहिजेत. फरक इंचभराहून जास्त असेल तर ताव कापण्याआधी कागदाचा साचा करावा. स्क्रू शंभर-सव्वाशे, प्रायमर, रंग, खांबाखालच्या पट्ट्या, शिडी, टेम्पो आणि वीज हे सर्व चिठ्ठीत वेगळे लिहावे. दर चौरस फुटावर ठरला असेल तर तो 63 वर की 58 वर, म्हणजे शिडीचे तोंड धरून की वगळून, आणि दुकानाच्या बिलावरचा जीएसटी कोणी भरायचा, तेही लिहावे. चिठ्ठीच्या दोन प्रती कराव्यात आणि दोघांनी दोन्हींवर सही करावी.